प्रशिक्षणाचा खर्च करा, पण त्याची उचल करू नका

प्रति,
अध्यक्ष व पदाधिकारी, मराठवाड्यातील सर्व मालवाहतूकदार संघटना,
तसेच सीएमआयए, मसिआ या उद्योजकांच्या संघटना आणि वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड इथले सर्व कारखानदार

विषय : गावाकडच्या मुलांच्या हेवी (ट्रकसारख्या अवजड गाडीच्या) लायसन्सचा आणि प्रशिक्षणाचा खर्च मालकांनी करण्याबाबत

मालक मंडळींना नमस्कार.

मी जालन्यात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंग बघतो. सळई, बिलेट, कधी बियाण्याचा माल. दिवसभरात माझ्या फोनवर दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणतो, ‘गाडी उभी आहे, ड्रायव्हर असेल तर बघा.’ दुसरा म्हणतो, ‘पोरगं घरी बसून आहे, कुठं चिकटवता आलं तर बघा.’ पहिला असतो तुमच्यातला कुणीतरी. दुसरा असतो अंबड, गेवराई, परतूर, जिंतूर, माजलगावकडचा एखादा बाप. दोघांच्या मधे आडवं येतं ते हेवी लायसन्स आणि ते काढायला लागणारा पैसा. तो पैसा तुम्ही खर्च करावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. कसा करावा, याबद्दलही माझं काही म्हणणं आहे, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त महत्त्वाचं आहे.

ड्रायव्हर मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच देशात २२ लाख प्रशिक्षित चालकांची कमतरता असल्याचं सांगितलं आहे. आपल्याकडे तर माल वाढला, रस्ता वाढला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, बिडकीन-शेंद्र्याला नवे कारखाने उभे राहतायत. पण लोडिंगला लागलेल्या गाडीच्या केबिनमध्ये डोकावलं तर स्टिअरिंगवर बसलेला माणूस बहुधा उत्तर प्रदेश, बिहार नाहीतर राजस्थानचा असतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या जिवावर आपले पगार निघतात. पण छठपूजा आली, गावाकडे लग्नसराई आली की ते महिनाभर जातात, आणि यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात. हप्ता मात्र बँकेचा थांबत नाही.

मग इथलीच मुलं का नाहीत? त्यांना कष्ट नकोत असं तुमच्यातले काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. जे पोरगं गळीत हंगामात रात्री दोन वाजता उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेताच्या बांधावरून काढून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणतं, त्याला कष्ट नको असतात म्हणणं म्हणजे कमालच झाली.

अडचण वाटेत आहे. कायद्याप्रमाणे अठराव्या वर्षी हलक्या वाहनाचं लायसन्स काढता येतं. ते हातात पडून वर्ष झाल्याशिवाय मालवाहू गाडीचं लर्निंग मिळत नाही आणि वयाची वीस पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली, बरं झालं. सरकारी फी म्हणाल तर किरकोळ आहे : लर्निंगचे १५० रुपये, चाचणीचे ३००, लायसन्सचे २००, नवा प्रकार वाढवायचा तर ५००. एवढ्यावर कुणी अडत नाही. अडतं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या फीवर; तिच्या प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे फॉर्म ५ शिवाय, हेवीचं काम पुढं सरकत नाही. अडतं ते शहरात राहण्या-जेवण्यावर, कारण हेवी शिकवणारी धड शाळा तालुक्याला नसते. अडतं ते त्या काळात बुडणाऱ्या रोजावर. आणि अडतं ते एजंटवर, ज्याचा दर तोंड बघून ठरतो. ज्या घरात खत-बियाण्याची उधारी दिवाळीपर्यंत फिटत नाही, तिथून एवढा पैसा एकदम निघायचा कुठून?

कर्ज आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो, इतर महामंडळांच्याही योजना आहेत, आणि त्यातून गाडी घेऊन धंद्याला लागलेली मुलं मी बघितली आहेत. पण ज्याच्याकडे चालवायचं लायसन्स नाही, त्याला गाडीसाठी कर्ज देऊन काय उपयोग? तो गाडी घेणार आणि ड्रायव्हर शोधत माझ्याकडेच येणार.

आता मुलं शिकतात कशी, तेही तुम्हाला माहीत आहे. क्लीनर म्हणून चढायचं, वर्ष-दोन वर्षं काच पुसायची, ताडपत्री बांधायची, हवा बघायची, उस्तादाच्या शिव्या खायच्या, आणि मग एखाद्या रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्तादाला झोप आली की स्टिअरिंग हातात येतं. अशी चांगली ड्रायव्हर झालेली माणसं आहेत, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री काही झालं तर? लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ आणि १८० प्रमाणे जबाबदारी मालकावर येते. दंड ५,००० रुपयांचा, तो सोडा. विमा कंपनी अपघातग्रस्ताला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला कोर्टात उभी राहते, तेव्हा ती गाडीच्या किमतीहूनही मोठी असू शकते. शाळेची फी वाचवून आपण कशावर बसलो आहोत, याचा हिशेब एकदा तुमच्या विमा एजंटालाच विचारा.

शिवाय अंधारात शिकलेल्याला जे येत नाही ते आमच्या ऑफिसात रोज दिसतं. भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या घाटातून उतरवताना नुसता ब्रेक दाबत राहिलं की ब्रेक तापून निकामी होतात, खालच्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरायची असते. हे कुणी समोर बसवून सांगितलेलंच नसतं. सळई कशी बांधायची, किती बाहेर काढायची, वजन कुठल्या अॅक्सलवर येतं, नव्या बीएस-६ गाडीत युरियाचा दिवा लागला तर काय करायचं, माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत कधी संपते, हेही नाही. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठेवला आहे, सिम्युलेटर आहे, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. ३८ तासांत उस्ताद तयार होत नाही. पण तेवढ्यात निदान घाटात मरू नये इतकं तरी शिकवता येतं.

तर मागणी अशी. मुलाची फी शाळेला थेट भरा, त्याच्या हातात नको आणि मधल्या माणसाच्या तर नकोच नको. डॉक्टरी दाखला, लर्निंग, चाचणी यांची पावती मुलाच्या नावाची असू द्या. त्या सहा आठवड्यांत राहायची-जेवायची सोय आणि घरी पाठवता येईल एवढं विद्यावेतन द्या. ही शेवटची गोष्ट चैनीची नाही. ती नसेल तर पोरगं दुसऱ्या आठवड्यात रोजाला परत जातं आणि भरलेली फी पाण्यात.

हलक्या वाहनाच्या लायसन्सनंतरचं जे एक वर्ष मोकळं जातं, त्याचाही उपयोग होण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे पिकअप, छोटा हत्ती, लहान टेम्पो. वयाची विसाची अट त्याने सुटत नाही, हे लक्षात ठेवा. पण विशीतल्या मुलाला वर्षभर वाळूज ते जालना छोट्या गाडीवर पगारी ठेवलं, तर तो रस्ता शिकतो, कागद शिकतो, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकतो, आणि तुम्हालाही माणूस कळतो. अठरा-एकोणीसचा असेल तर गोदामात, लोडिंगवर ठेवा. हेवीचा खर्च त्यानंतर करा. ओळख नसलेल्या माणसावर पैसे टाकण्यापेक्षा हे तुमच्याही फायद्याचं.

इथपर्यंत बऱ्याच जणांची मान हलते. मग प्रश्न येतो : ‘आणि शिकून पळून गेला तर?’ त्यावर लगेच उत्तरही तयार असतं : ‘बॉण्ड लिहून घेऊ, मूळ लायसन्स ऑफिसात ठेवू.’

इथे मला थांबवायचं आहे तुम्हाला. बीड-जालन्याच्या माणसाला उचल म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधी आगाऊ पैसे देतो, तीच उचल; नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो, हंगाम संपतो, आणि हिशेबाला बसलं की बाकी निघते. बाकी पुढच्या वर्षावर जाते. माणूस आजारी पडला, बैल मेला, पाऊस आला, कारखाना लवकर बंद झाला, कारण काहीही असो, बाकी कोयत्याच्याच अंगावर. हिशेबाची वही मुकादमाकडे असते. तुम्ही लायसन्सचे पैसे भरून मूळ लायसन्स कपाटात ठेवलंत, पगारातून किती कापणार ते लिहिलं नाहीत आणि सोडून गेला तर सगळी रक्कम व्याजासकट मागितलीत, तर तुम्ही ड्रायव्हर तयार केला नाहीत. उसाच्या फडातून बाहेर पडायला निघालेल्या पोराला तुम्ही ट्रकच्या केबिनमध्ये तसाच कोयता दिलात. त्याचा बाप हे पहिल्या वाक्यात ओळखतो. म्हणूनच ‘कंपनी फुकट शिकवते’ म्हटलं की गावात माणसं बिचकतात. अडाणी म्हणून नाही, शहाणी म्हणून.

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. मोठ्या ट्रक कंपन्या नव्या माणसाच्या प्रशिक्षणाचा खर्च स्वतः करतात आणि साधारण वर्षभर त्याने कंपनीची गाडी चालवावी अशी अट घालतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नव्या व्यावसायिक चालकाला सरकारदरबारी नोंदलेल्या संस्थेकडूनच शिकावं लागतं, त्यामुळे अशा सोयीची गरज वाढली. हजारो गरीब माणसं त्यातून कामाला लागली. पण तक्रारीही तिथूनच आल्या : आधी सांगितलेला पगार हातात पडत नाही, माणूस चार महिन्यांत सोडतो, आणि मग प्रशिक्षणाच्या मूळ किमतीहून फुगवलेलं बिल घेऊन वसुलीवाले दारात. आपण त्यांच्याकडून पहिला भाग घ्यावा, दुसरा तिथेच राहू द्यावा.

बॉण्डच नको असं मी म्हणत नाही. मालकाचा पैसा झाडाला लागत नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकाला तर एका मुलाची फी म्हणजे टायरचा जोड. पण बॉण्ड मराठीत, एका पानाचा असावा. मुदत वर्षाची, फार तर दीड वर्षाची. शाळेची पावती जेवढी, रक्कम तेवढीच, एक रुपया वर नाही. आणि मुलगा जेवढे महिने काम करील तेवढी ती रक्कम घटत जावी : बारातले नऊ महिने झाले आणि गेला, तर तीन महिन्यांचाच हिस्सा राहिला. तुम्ही काढून टाकलं, तीन महिने पगार थकवला, किंवा अपघातात तो जायबंदी झाला, तर बाकी शून्य. मूळ लायसन्स, टीसी, आधार यांतलं काहीही तुमच्याकडे राहणार नाही. लायसन्स त्याचं आहे; रस्त्यात आरटीओने मागितलं तर ते त्याच्या खिशात, नाहीतर मोबाइलच्या डिजिलॉकरमध्ये असायला हवं. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सुद्धा वाजवी भरपाईपलीकडे काही देत नाही, त्यामुळे दोन-दोन लाखांचे आकडे स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन पोराला घाबरवण्यापलीकडे फारसं काही साधत नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न मोठ्या कारखान्यांनी विचारू नये. शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि आपल्या गरजेप्रमाणे ऐच्छिक व्यवसाय, म्हणजे शिकवायचं काम, ठरवायची मुभा आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंत, वाटा केंद्र सरकार देतं. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, आहेच; कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत रोजगारासाठीचं कौशल्य प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त आपल्याच नोकरांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे नोकरीवर घेण्याआधी, सर्वांसाठी खुली अशी तुकडी शिकवा, आणि मग त्यातले निवडा. लहान मालकांनी एकट्याने हे करू नये, जमणारही नाही. संघटनेने एक निधी करावा, गाडीमागे थोडी वर्गणी ठेवावी. माल पाठवणाऱ्या कारखान्यांनीही त्यात घालावं. तुमचा माल वेळेवर पोचावा असं वाटतं ना? मग प्रत्येक वेळी भाड्यात शंभर-दोनशे तोडताना तो माल नेणारा माणूस कोण तयार करणार, याचाही विचार होऊ द्या. निधी सामायिक असला की पळून जाण्याची भीतीही निम्मी होते, कारण पळणारा शेवटी तुमच्यापैकीच दुसऱ्याकडे जातो.

आणि तो का पळतो, तेही बोलून टाकू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास लिहून ठेवले होते. आपल्या कुठल्या गाडीवर ते पाळले गेले? कारखान्याच्या गेटबाहेर दोन-दोन दिवस गाडी अनलोडिंगला उभी, त्याची खुराकी कुणी द्यायची यावर भांडण, संडासाची सोय नाही, सिक्युरिटीवाला अरे-तुरे करतो. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून चालकांनी स्टिअरिंग सोडलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना ड्रायव्हर आठवला होता. आता ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चांगलंच आहे. पण मुलगा टिकेल तो एसीमुळे नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार आणि ट्रिपचा भत्ता निघताना हातात, एवढं केलंत तरी बॉण्डची घडी उघडावी लागणार नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं वाटत असेल तर उन्हाळ्यात आपल्याच शिवारात बघा. दुष्काळ पडला की बीड-लातूरच्या माळावर बोअरच्या गाड्या येतात, त्यांवर तमिळनाडूची पाटी असते. नामक्कल, तिरुचेंगोडे हा तिकडचा पट्टा. तोही कोरडाच. तिथल्या माणसांनी लॉरी, बॉडी बांधणी, बोअर मशीन यांत हात घातला आणि देशभर पसरले. नामक्कलला अशोक लेलँडने १९९५ मध्येच चालक प्रशिक्षण संस्था काढली. ते आपल्याकडे पाणी शोधायला गाडी घेऊन येतात, आणि आपली पोरं कोयता घेऊन कर्नाटकात जातात. मान्यताप्राप्त केंद्राला सपाटीवर दोन एकर जागा लागते. मराठवाड्यात दोन एकर जागा मिळत नाही असं म्हणायला तोंड आहे का कुणाला?

एक गोष्ट मुलींबद्दल. एस.टी.च्या स्टिअरिंगवर २०२३ मध्ये राज्यातली पहिली महिला चालक बसली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आपल्या गावांत आहेत. लांबच्या ट्रिपा नकोत तर वाळूज-शेंद्रा-जालना अशा दिवसाच्या फेऱ्या द्या. निवड करताना त्यांचे अर्ज बाजूला ठेवू नका, एवढंच.

हे पत्र जी मुलं वाचतील त्यांनाही दोन शब्द. ‘शंभर टक्के नोकरी, फ्री ट्रेनिंग, फक्त नोंदणीचे इतके भरा’ असा मेसेज आला तर भरू नका. मालक खर्च करतोय म्हटल्यावर तुमच्याकडून कसली नोंदणी? शाळेचं आरटीओचं लायसन्स बघायला मागा, शिकवायच्या गाडीला मास्तरच्या बाजूलाही ब्रेक-क्लच आहे का बघा, पावती आणि फॉर्म ५ तुमच्याच नावाचा आहे ना ते वाचा. बॉण्डवर सही करण्याआधी त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढा. काढू देत नसतील तर सही करू नका.

आता वेळेचं. पावसाळ्यात भाडं मंदावतं, बांधकामाचा माल कमी होतो, गाड्या यार्डात उभ्या असतात आणि उस्ताद लोकही मोकळे असतात. मुकादमाची उचल गावात पोचायला तेव्हा अवकाश असतो. जुलै-ऑगस्टमध्ये एक तुकडी बसवली तर दसऱ्याच्या आत लर्निंग-लायसन्सचं काम उरकतं. सुरुवातीला वीस मुलं घ्या, दहा घ्या. संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि बॉण्डचा मसुदा आधी तालुक्याच्या एखाद्या ग्रामपंचायतीत जाहीर वाचून दाखवा. तिथले बाप काय दुरुस्त्या सुचवतात त्या लिहून घ्या. मला बोलावलंत तर त्या दिवशीच्या बिल्ट्या दुसऱ्याकडे देऊन येईन.

आपला,
बुकिंग बघणारा एक जण, जालना